स्वयंपाकघरातील पाखरू

(सक्करदरा येथील पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पालक मेळाव्यात सहसा मुलांचा अभ्यास, परीक्षा, शिष्यवृत्ती याच विषयांवर बोलले जाते. आजच्या भाषणाचा विषय फळ्यावर लिहिलेला पाहून मागच्या बाकांवर थोडी खसखस पिकली, ती मी ऐकली. रव्यात, शेवयांत, बेसनात जाळे धरते आणि डबा उघडला की राखाडी पाखरू तोंडावर येते, त्यावर बोलायला शिक्षिका कशाला हवी, असे कोणालाही वाटेल. परंतु या एवढ्याशा पाखरापायी घरांत जी बोलणी होतात, सुनांना जे ऐकून घ्यावे लागते आणि घाबरून लोक जे विष घरात आणतात, ते पाहिल्यावर हा विषय मला लहान वाटत नाही.

आधी माझ्याच घरची गोष्ट सांगते. लग्न होऊन मी सक्करदऱ्यात आले तेव्हा माझ्याजवळ बी.एस्सी.ची पदवी होती आणि विषय होता प्राणिशास्त्र. पहिली रमजान ईद आली. नमाज आटोपून पुरुष मंडळी परतली, घरात पाहुणे बसलेले, आणि शीरखुर्म्यासाठी जास्तीच्या शेवया काढाव्यात म्हणून चुलत सासूबाईंनी डबा उघडला. आतून दोन पाखरे भुर्रकन उडाली. शेवया एकमेकींना जाळ्याने चिकटलेल्या आणि त्यांत पिवळसर अळ्या. चुलत सासूबाई एवढेच म्हणाल्या, "पढी-लिखी बहू है, डिब्बे देखने की फुरसत कहाँ!" माझ्या सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. ते न बोलणे मला जास्त लागले.

दुसऱ्याच दिवशी मी स्वयंपाकघर उलटेपालटे केले. सगळे डबे घासले, उन्हात ठेवले, शेवया फेकल्या, रवा फेकला. महिना गेला आणि पाखरे पुन्हा हजर. मग घरातल्यांनी ठरवले की दोष दुकानदाराचा. दुकान बदलले. पुन्हा सफाई, पुन्हा महिन्याभराने पाखरे. असे तीनदा झाले. शेवटी एका संध्याकाळी मी स्टूल टाकून नुसती भिंतीकडे बघत बसले. सज्ज्याच्या कडेवरून एक अळी निघाली आणि हळूहळू भिंत व छत मिळतात त्या कोपऱ्याकडे चालू लागली. थोड्या वेळाने तिथूनच दुसरी निघाली. सज्ज्यावर चढून पाहिले तर पाहुण्यांच्या गाद्यांमागे एक जुना पत्र्याचा डबा. त्यात मागच्या ईदचा उरलेला मेवा, चारोळी, बदामाचे तुकडे, किसमिस, कापडात बांधून जपून ठेवलेला. तो डबा माझ्या सासूबाईंचा होता.

तो खाली आणून त्यांच्यापुढे ठेवणे मला फार जड गेले. त्यांनी झाकण उघडले, पाहिले आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग पदर खोचून त्यांनी स्वतः लांब दांड्याचा झाडू घेतला आणि मी दाखवीन तो कोपरा झाडायला सुरुवात केली. त्या दिवसानंतर आमच्या घरी पाखरांवरून कोणी कोणाला बोलले नाही.

आता त्या कीटकाविषयी. नागपूरच्या घरांत धान्याला लागणाऱ्या किडी अनेक आहेत आणि त्यांची सरमिसळ करू नये. तांदूळ-गव्हात सोंडेवाला काळपट किडा होतो तो सोंडा. पिठात तांबूस, चपटा, भरभर चालणारा किडा होतो तो वेगळा. या दोघांचे जाळे नसते. जाळे दिसले की समजावे, हे पतंगाच्या अळीचे काम. आपल्याकडे असे पतंग मुख्यतः दोन. एक तांदळाचा पतंग, शास्त्रीय नाव कोर्सायरा सेफॅलोनिका. तो सरसकट राखी-भुरा असतो आणि त्याची अळी तांदूळ, ज्वारी, रवा यांचे दाणे जाळ्यात गुंफून गड्डा करते. दुसरा प्लोडिया इंटरपंक्टेला. त्याचे पंख मिटलेले असताना पाहिले तर पुढचा भाग फिकट आणि मागचा तांब्याच्या भांड्यासारखा लालसर दिसतो. सुका मेवा, शेंगदाणे, मक्याचे पीठ, एवढेच काय सुक्या मिरच्याही त्याला चालतात. आमच्या सज्ज्यावरचा चोर हा दुसरा.

या दुसऱ्याचे इंग्रजी प्रचलित नाव मोठे गमतीचे आहे. त्याला भारतीय पिठाचा पतंग म्हणतात आणि आपण उगाच लाजतो. वस्तुतः त्याचा आपल्या देशाशी संबंध नाही. अमेरिकेत मक्याच्या पिठाला 'इंडियन मील' म्हणत, आणि न्यूयॉर्क राज्यातील कीटकतज्ज्ञ एसा फिच यांनी १८५६ च्या सुमारास त्या पिठावर हा पतंग पाहून तसे नाव दिले. तिथले इंडियन म्हणजे अमेरिकेचे मूळ रहिवासी. मुलांनी सामान्य ज्ञानाच्या परीक्षेसाठी हे लक्षात ठेवावे.

महत्त्वाची गोष्ट अशी की उडणारे पाखरू काहीच खात नाही. त्याचे आयुष्य आठ-पंधरा दिवसांचे, काम फक्त जोडी जमवून अंडी घालण्याचे. एक मादी शे-दोनशे, कधी चारशेपर्यंत अंडी घालते. ती मिठाच्या कणाएवढी असतात, डोळ्यांना दिसत नाहीत म्हटले तरी चालेल. चार-सहा दिवसांत अळी निघते. ती तीन-चार आठवडे खाते, जाळे विणते आणि मग कोष करते. तांदळाच्या पतंगाची अळी बहुधा धान्यातच कोष करते. प्लोडियाची अळी मात्र डबा सोडून चालू लागते आणि भिंतीवर, छताच्या कोपऱ्यात, खिळ्याच्या भोकात, फळीवर अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली, झाकणाच्या आट्यांत कोष विणते. आपल्या हवेत अंड्यापासून पाखरापर्यंतचा हा फेरा महिना-दीड महिन्यात पुरा होतो. माझी सफाई दर वेळी महिन्याने का फसत होती, ते आता तुमच्या लक्षात आले असेल. मी डबे धूत होते आणि पुढची पिढी माझ्या डोक्यावर झोपलेली होती.

यावरून सुनेच्या स्वच्छतेचाही निकाल लागतो. अंडी किंवा बारीक अळ्या बहुतेक वेळा बाहेरूनच, धान्याबरोबर येतात. गोदाम, गिरणी, दुकान, पोते, कुठेही त्यांचा शिरकाव होतो. इतवारीतून आणा की बुधवार बाजारातून, पाकीटबंद आणा की सुटे, अगदी चकचकीत घरातही हे पाखरू निघू शकते. दुकानदाराशी भांडूनही फारसा उपयोग नाही, कारण अंडी त्यालाही दिसत नाहीत. मात्र आधीच जाळे धरलेला माल देणाऱ्याला तो परत करण्यास संकोच करू नये.

आता घालवायचे कसे. पहिले काम शोध. सगळे डबे एकाच दिवशी खाली काढावेत. आज रवा, उद्या बेसन असे केल्यास काही साधत नाही, कारण आज धुतलेल्या डब्यात उद्याच्या डब्यातले पाखरू येऊन बसते. रोजच्या डब्यांत बहुधा मूळ नसते, कारण ते रोज हलतात. मूळ असते विसरलेल्या वस्तूत. ईदच्या उरलेल्या शेवया, मेवा, माहेराहून आलेले पोहे, बाळंतिणीसाठी आणलेला डिंक-खोबऱ्याचा सामान, फरसाणाचे अर्धे पाकीट. ज्यांच्या घरी कबुतरे आहेत त्यांनी बाजरीचे पोते आधी पाहावे. मी पाहिलेल्या दोन घरांत पाखरांचा सारा कारखाना तिथेच होता आणि घरमालक स्वयंपाकघरात औषध मारीत बसले होते. वस्तू पांढऱ्या कागदावर ओतावी. धागे, दाण्यांना दाणे चिकटलेले, रवाळ विष्ठा, यांपैकी एक जरी दिसले तरी ती वस्तू दोषी.

जाळे धरलेले पीठ, रवा, शेवया, मेवा यांचा मोह सोडावा. चाळून अळ्या जातात, अंडी आणि घाण राहते, आणि वासही जात नाही. पिशवीत घट्ट बांधून त्याच दिवशी घराबाहेर काढावे. कचऱ्याच्या बादलीत झाकून ठेवल्यास पाखरे तिथून परत येतील. चुकून एखादी अळी पोटात गेली तर विषबाधा होत नाही, घाबरू नये. खाण्याच्या जायज-नाजायजचा प्रश्न काही भगिनींनी मला विचारला आहे. तो आलिमांना विचारावा, त्यात मी बोलणे बरे नव्हे. अखंड तांदूळ, गहू, डाळ यांत नुकतीच लागण असेल तर मात्र सगळे फेकण्याची गरज नाही. सुपाने पाखडून, निवडून, ऊन देऊन ते वाचवता येते.

धान्य बाहेर गेले की फळ्यांवरचे जुने वर्तमानपत्र आधी काढावे. त्याखाली काय काय निघेल ते पाहून तुम्ही पुन्हा कधी कागद अंथरणार नाही. फटींतून, खिळ्यांच्या भोकांतून, बिजागऱ्यांतून टाचणीने किंवा जुन्या दातांच्या ब्रशने कोष काढावेत. छताचे कोपरे, ट्यूबलाईटची पट्टी, घड्याळामागची जागा विसरू नये. नंतर गरम साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडे करावे. आटे असलेल्या झाकणांत अळी आट्याआट्याने आत जाते, म्हणून झाकणे उकळत्या पाण्यात घालता येत असतील तर घालावीत. यानंतरही आठ-दहा दिवसांनी एखाद-दुसरे पाखरू दिसेल. तो तुमचा पराभव नव्हे. कुठेतरी राहिलेला कोष फुटला एवढेच. ते मारावे आणि दोन महिने दर आठवड्याला कोपरे पाहावेत. दोन महिने काही दिसले नाही तर घर मोकळे झाले असे समजा.

बाजारात चिकट कागदाचे सापळे मिळतात, त्यात मादीचा वास असलेली वडी असते. प्लोडियाचा हा वास शास्त्रज्ञांनी १९७१ साली ओळखला. परंतु त्यात फक्त नर अडकतात आणि तांदळाच्या पतंगाचे नर त्या वासाला भुलत नाहीत. पाखरू घरात आहे की नाही एवढे कळण्यापुरते ते ठीक आहेत.

आता विषाबद्दल, आणि हे मी सर्वांत कळकळीने सांगते. त्याच वर्षी, म्हणजे मी सफाई करून थकले होते तेव्हा, ओळखीच्या एका गृहस्थांनी मला कापडाच्या पुरचुंडीत एक गोळी आणून दिली. "कोठीत टाका, सकाळपर्यंत सगळे साफ." मी ती हातात घेतली होती. लसणासारखा, कार्बाईडसारखा वास आला आणि कॉलेजातली प्रयोगशाळा आठवली. ती अॅल्युमिनियम फॉस्फाईडची गोळी होती. हवेतला ओलावा लागला की तिच्यातून फॉस्फिन वायू निघतो. तो हवेपेक्षा जड असतो, दाराखालून, फटीतून शेजारच्या खोलीत उतरतो. त्या विषावर उतारा नाही. आमच्या स्वयंपाकघराला लागून जी खोली होती तिथे तेव्हा माझी नणंद तान्ह्या मुलाला घेऊन झोपत असे. ही गोळी गोदामांसाठी, तीही प्रशिक्षित माणसांच्या हाताने वापरण्याची आहे. घरगुती वापरासाठी ती विकण्यास मनाई आहे, तरीही ती हातोहात फिरते. कोणी आणून दिली तर घरात घेऊ नका, नाल्यात किंवा पाण्यात टाकू नका, देणाऱ्याला परत न्यायला सांगा. घरात आधीच ठेवलेली असेल तर मुलाबाळांना बाहेर काढा, दारे-खिडक्या उघडा, आणि कोणाला मळमळ किंवा दम लागत असेल तर क्षणभरही न थांबता दवाखान्यात न्या.

जुन्या मंडळींना काचेच्या कुप्या आठवत असतील. १९६० च्या दशकात केंद्र सरकारने धान्य बचाव मोहीम काढली आणि त्यानंतरच्या काळात इथिलीन डायब्रोमाईडच्या कुप्या कोठीत फोडून ठेवण्याची शिफारस होत असे. हेतू चांगला होता. पुढे त्या रसायनाने कर्करोग होण्याचा धोका दिसून आला आणि आपल्या देशात २००१ साली त्यावर बंदी आली. तेव्हा "आमच्या काळी तर सरकारच देत होते" हे म्हणणे खरे असले तरी आज उपयोगाचे नाही. बोरिक पावडर तांदळाला चोळण्याची चाल अजून अनेक घरांत आहे. बोरिक ही खाण्याची वस्तू नव्हे, लहान मुलांना ती अपायकारक आहे. ती चाल सोडावी. डाळीला एरंडीच्या तेलाचा हात लावणे मात्र जुने आणि चांगले आहे. निंबाचा वाळलेला पाला, लवंगा, तेजपत्ता ठेवायचा तर ठेवा; त्याने पाखरू थोडे बिचकते, आत असलेली अळी मरत नाही. त्याच्या भरवशावर राहू नये.

खरे औषध तर अल्लाहने नागपूरकरांना फुकट दिले आहे आणि आपण मे महिनाभर त्याच्या नावाने बोटे मोडतो. ते म्हणजे ऊन. सुमारे ५० अंश तापमानात तासभर राहिले तर या कीटकाची अंडी, अळी, कोष सर्व मरतात. मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या आसपास असतो, गच्चीवर त्याहून कितीतरी जास्त. काळ्या प्लास्टिकवर धान्य दोन बोटांपेक्षा कमी जाडीचे पसरावे, वर पारदर्शक प्लास्टिक घालून कडा दाबाव्यात आणि दुपारचे चार-पाच तास ठेवावे. वर्षाचा तांदूळ-गहू भरणाऱ्यांनी हे मृग लागायच्या आत करून घ्यावे. एक चूक टाळावी: तापलेले धान्य लगेच डब्यात भरू नये. आत वाफ धरते आणि किडीऐवजी बुरशी लागते. रात्रभर गार होऊ द्यावे, वर पातळ कापड घालून, आणि पहाटे भरावे. बियाण्यासाठी ठेवायचे धान्य मात्र असे तापवू नये. रवा, शेवया, बेसन यांना उन्हाऐवजी भाजणे बरे. तिथेही गार झाल्यावरच भरणे. ज्यांच्याकडे फ्रीजरची सोय आहे त्यांनी नवी आणलेली पाकिटे उणे १८ अंशांत चार-पाच दिवस ठेवून मग डब्यात काढावीत. मेव्यासाठी हा उपाय सर्वांत उत्तम, कारण त्याला फार ऊन सोसत नाही.

डबा घट्ट झाकणाचा असावा, पातळ प्लास्टिकची पिशवी ही अळी कुरतडते. आणि डबा शक्यतो भरलेला असावा. अर्ध्या रिकाम्या डब्यात हवा असते, आणि किडीलाही हवा लागतेच. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेने पुसा कोठी काढली तेव्हा मातीच्या विटांच्या दोन भिंतींमध्ये प्लास्टिकचा कागद घातला तो याचसाठी, ओलावा आत जाऊ नये आणि हवा बंद राहावी.

रमजानच्या तयारीत आपण एकदम जास्त सामान भरतो, त्याबद्दल दोन शब्द. शेवया आणि मेवा मोजून आणावेत. उरले तर ईदच्या आठवड्यातच वाटून टाकावेत. दुसरे असे की फित्रा आणि इतर दानाचे धान्य काही ठिकाणी पोत्यांत जमा होते आणि दिवसेंदिवस पडून राहते. घरात जाळे धरलेला तांदूळ "देऊन टाकू" म्हणून त्या पोत्यात ओतणारे हात मी पाहिले आहेत. जे आपण स्वतः डोळे मिटल्याशिवाय घेणार नाही ते दुसऱ्याला देऊ नये ही आपल्याला शिकवण आहे. शिवाय एका डब्याची कीड सगळ्या पोत्यांना लागते आणि दहा गरीब घरांत पोहोचते. जमा करणाऱ्या तरुणांनी प्रत्येक पिशवी परातीत ओतून पाहूनच पोत्यात घालावी.

आता विद्यार्थ्यांसाठी. ज्या तांदळाच्या पतंगाला आपण झाडूने मारतो त्याला प्रयोगशाळांत लोक मुद्दाम भरडलेली ज्वारी-बाजरी खाऊ घालून वाढवतात. कारण त्याच्या अंड्यांत ट्रायकोग्रामा नावाची गांधीलमाशीच्या कुळातली एक अतिसूक्ष्म माशी आपली अंडी घालते. अशी हजारो अंडी पोस्टकार्डासारख्या जाड कागदावर चिकटवून ट्रायकोकार्ड तयार होते. ते कपाशीच्या किंवा उसाच्या शेतात पानाला टाचले की माश्या बाहेर पडतात आणि बोंडअळीची, खोडकिडीची अंडी शोधून नष्ट करतात. आपल्या विदर्भातल्या कापसाच्या शेतांत ही कार्डे लावली जातात. नागपुरात १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. ज्यांना प्राणिशास्त्राची आवड आहे त्या मुला-मुलींनी हेही एक काम असते हे ध्यानात ठेवावे. मला विद्यार्थिदशेत ते कोणी सांगितले नव्हते.

बाहेरच्या टेबलावर काचेची एक बरणी ठेवली आहे. तीत मूठभर भरडलेली ज्वारी आहे आणि पाच आठवड्यांपूर्वी सोडलेल्या चार पाखरांची संतती. शेजारी भिंग आहे. अळ्या, जाळे, कोष, आणि नशीब असेल तर नुकतेच निघालेले पाखरूही दिसेल. आयांनी आणि मुलांनी दोघांनीही जाताना पाहून जावे. तोंडाला मलमलीचे कापड दुहेरी बांधले आहे, ते मात्र कृपा करून कोणी सोडू नये. शाळेच्या खिचडीचा तांदूळ पलीकडच्याच खोलीत आहे.